देव आहे की नाही, हे सिद्ध कोणी करायचे?

नीरक्षीर

मागच्या महिन्यात वाईला मामींच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी आम्ही सगळे जमलो होतो. जेवणे आटोपल्यावर ओसरीवर बसलेलो असताना माझ्या बहिणीच्या मुलाने, तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मामींना सरळ विचारले, "आजी, देव आहे हे तू आधी सिद्ध करून दाखव, मग मी रोज नमस्कार करीन." मामींनी हातातला अडकित्ता खाली न ठेवताच उत्तर दिले, "तो नाही हे तू सिद्ध कर, मी उद्यापासून पूजा बंद करते." दोघेही मनापासून बोलत होते. पण दोघांनीही आपल्याकडचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले आणि विषय तिथेच अडला. परतीच्या प्रवासात मला तोच प्रश्न छळत राहिला, म्हणून हा धागा काढत आहे. देव आहे की नाही यावर इथे पूर्वी पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्याच्या आधीची पायरी तपासायची आहे: सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, आणि ती कशावरून ठरते?

भाच्याची बाजू सर्वांच्या ओळखीची आहे. जो 'आहे' म्हणतो त्याने दाखवावे. 'नाही' म्हणणाऱ्याने प्रत्येक नसलेल्या वस्तूचे नसणे दाखवत बसायचे म्हटले तर त्याचा जन्म पुरणार नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९५२ मध्ये यासाठी चहाच्या किटलीचे उदाहरण घेतले होते. पृथ्वी आणि मंगळ यांच्या दरम्यान चिनी मातीची एक किटली सूर्याभोवती फिरते आहे, आणि ती इतकी लहान आहे की कोणत्याही दुर्बिणीतून दिसणार नाही, असे मी म्हटले तर ते कोणालाही खोडता येणार नाही. पण खोडता येत नाही एवढ्यावरून ते मानण्याचे कारण कोणाला मिळत नाही. हा युक्तिवाद मला पटतो. तरीही त्याने मामींचे समाधान का होत नाही, याचे उत्तर मला रसेलपेक्षा आपल्याकडच्या जुन्या प्रमाणशास्त्रात, म्हणजे ज्ञान कोणत्या साधनांनी मिळते याच्या विचारात, अधिक नेमके सापडले.

खोलीत घागर नाही हे आपल्याला कसे कळते? आपण आत जातो, दिवा लावतो, बघतो, घागर दिसत नाही, आणि आपण म्हणतो की घागर नाही. कुमारिलभट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या विचारवंतांनी, या न दिसण्याला 'अनुपलब्धी' नावाचे स्वतंत्र प्रमाण मानले, पण त्याला एक अट घातली. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव ठरतो. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. घागर दिसण्याजोगी आहे. उजेड आहे, डोळे धड आहेत आणि तरी ती दिसत नाही, म्हणून ती नाही. पण त्याच खोलीत उभे राहून "इथे एकही जंतू नाही" असे म्हणता येणार नाही, कारण जंतू असता तरी नुसत्या डोळ्यांना दिसला नसता. न्यायदर्शनाचे, म्हणजे तर्कशास्त्राच्या परंपरेतले, दहाव्या शतकातले आचार्य उदयन यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथात नेमके याच अटीवर बोट ठेवले: ईश्वर मुळातच इंद्रियांना दिसण्याजोगा नाही, मग तो दिसत नाही यावरून तो नाही असे कसे ठरवता?

इथे मामींची बाजू बळकट झाल्यासारखी वाटते, आणि मी काही दिवस तिथेच थांबलो होतो. मग मला १९९५ चा सप्टेंबर आठवला.

२१ सप्टेंबरला, गुरुवारी, देशभर गणपती दूध प्यायले. बातमी पहाटे दिल्लीहून निघाली आणि दुपारपर्यंत परदेशांतल्या देवळांत जाऊन पोहोचली. मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि योगायोगाने वाईला मामींकडेच होतो. देवघरातला पितळी गणपती चौरंगावर घेतला होता आणि वाड्यातली माणसे रांगेने येत होती. माझी पाळी आली तेव्हा मी चमचा काठोकाठ भरून सोंडेला टेकवला. दूध कमी होऊ लागले. मी हात हलवत नव्हतो, चमचा तिरका करत नव्हतो, आणि तरी माझ्या डोळ्यांसमोर चमच्यातले दूध सावकाश उतरत गेले. माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी आजही लपवणार नाही. रात्री मामींनी चौरंग उचलला तेव्हा त्याच्या फळ्यांमधल्या फटी दुधाने भरल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवघराच्या उंबऱ्यापासून चौरंगापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. त्याच सुमारास दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी दुधात खायचा रंग मिसळून तो प्रयोग केला. रंगीत दुधाचा पातळ पापुद्रा मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना स्पष्ट दिसला. काठोकाठ भरलेल्या चमच्याला मूर्ती टेकली की पृष्ठताणामुळे आणि केशाकर्षणामुळे दूध ओढले जाते आणि पृष्ठभागावरून उतरते. पांढरे दूध ओल्या पितळेवर पातळ पसरल्यावर नजरेला येत नाही, एवढेच.

त्या दिवशी जे घडले ते उदयनाचार्यांच्या युक्तिवादाच्या बाहेरचे होते. जो ईश्वर दिसण्याजोगाच नाही त्याच्याबद्दल त्यांचे म्हणणे होते. पण चमच्यातले दूध पिणारा देव हा घागरीइतकाच दिसण्याजोगा झाला. दूध कुठे गेले हे तपासता येते, आणि तपासल्यावर ते चौरंगाच्या फटीत सापडते.

म्हणून माझे मत असे बनले आहे की 'देव आहे' हे एकच विधान नाही, त्यामुळे त्याचा भारही एकच नाही. देव जगात जितकी कामे करतो असे आपण म्हणू, तितका तो तपासणीच्या कक्षेत येतो आणि तितकी म्हणणाऱ्यावरची जबाबदारी वाढत जाते. नवसाने मूल होते, अमुक अंगाऱ्याने ताप उतरतो, तमुक दिवशी मूर्ती दूध पिते, ही सगळी विधाने दाखवून देण्याची आहेत. उलट, काहीच न करणारा, कशातच न दिसणारा ईश्वर मानणाऱ्यावर फारसा भार पडत नाही; पण मग त्या ईश्वराच्या नावाने दुसऱ्याला काही सांगण्याचा अधिकारही त्याच्याजवळ उरत नाही. माझ्या मते अडचण तिथे येते जिथे माणसे वाद सुरू होताच काहीच न करणाऱ्या ईश्वराच्या आडोशाला जातात आणि वाद संपला की पुन्हा दूध पिणाऱ्या देवाकडे येतात.

हे कितपत टिकते, ते कृपया तपासून सांगा.

सनद

मी तीस वर्षे दिवाणी न्यायालयात वकिली केली आहे, तेव्हा शाबितीच्या भाराबद्दल दोन गोष्टी मांडतो. १८७२ च्या पुरावा अधिनियमातले १०१ वे कलम, जे आता २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १०४ वे झाले आहे, साधारणपणे तुमच्या भाच्याचीच बाजू सांगते: ज्या वस्तुस्थितीच्या आधारावर तुम्हाला निर्णय हवा आहे, ती तुम्ही शाबीत करा. मात्र आम्हा वकिलांना रोज उपयोगी पडते ते त्याच्या पुढचे कलम, जुने १०२ आणि आताचे १०५. कोणत्याही बाजूने काहीच पुरावा दिला नाही तर ज्याचे म्हणणे फसेल, त्याच्यावर भार असतो. म्हणजे भार कोणावर, हे 'आहे' आणि 'नाही' या शब्दांवरून ठरत नाही. कोणाला न्यायालयाकडून काहीतरी बदलून हवे आहे, यावरून ते ठरते.

ही कसोटी तुमच्या ओसरीला लावून पाहा. मामी आपल्या देवघरात पूजा करतात आणि भाच्याकडे काही मागत नाहीत. भाचा त्यांनी ती थांबवावी असे सुचवत असेल तर बदल तो मागतो आहे आणि भार त्याच्यावर आहे. उद्या मामी म्हणाल्या की भाच्याने लग्नाआधी अमुक शांत केलीच पाहिजे, तर भार त्यांच्याकडे सरकला. माणसे तीच, देव तोच, पण मागणी कोणाची आहे त्यानुसार जबाबदारी बदलते.

दुसरी गोष्ट थोडी बाजूची आहे, पण या विषयात ती अनेकांना चकवते. आपल्या कायद्यात प्रतिष्ठापना झालेली देवमूर्ती ही विधिदृष्ट्या व्यक्ती आहे; तिच्या नावावर मिळकत असते आणि ती दावा लावू शकते. ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले आणि २०१९ च्या अयोध्या निकालात रामलल्ला विराजमान हे पक्षकार होते. माझ्याकडे येणारे पक्षकार कधी कधी म्हणतात, "साहेब, कोर्टाने देव मान्य केला आहे." न्यायालयाने तसे काही ठरवलेले नाही. भाविकांनी धर्मादाय हेतूने दिलेल्या संपत्तीला मालक हवा, तिची व्यवस्था नीट चालावी, यासाठी केलेली ती सोय आहे. कंपनीलाही कायदा व्यक्ती मानतो, आणि कंपनीला आत्मा आहे का असे तिथे कोणी विचारत नाही.

तुळसमाळ

नीरक्षीर, तुमचे लेखन मनापासून वाचले. मी वारकरी घरातली आहे, अकरा वर्षे आळंदीहून पायी जाते, आणि शाळेत विज्ञान शिकवते. या दोन गोष्टींत मला कधी भांडण दिसले नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही सर्वांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की श्रद्धा म्हणजे एक विधान आहे आणि विधान असल्यामुळे त्याला पुरावा हवा. आषाढीच्या आदल्या रात्री पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत उभे राहून बघा. मागच्या वर्षी मी जवळजवळ वीस तास उभी होते. पुढे एक आजी होत्या, त्यांच्या पायाला फोड आले होते आणि त्या दर तासाला चप्पल काढून पदराने पाय पुसत होत्या. शेवटी गाभाऱ्यात पोहोचलो तेव्हा प्रत्येकाला मिळतात ते दोन-तीन क्षण मिळाले: बुक्क्याचा आणि तुळशीचा वास, कपाळाला लागलेला पायांचा गार दगड, आणि खांद्यावर पुढे सरका म्हणणारा हात. बाहेर आल्यावर त्या आजी मला म्हणाल्या, "झालं गं माउली, भेट झाली." भेट झाली याचा पुरावा काय, असे मी त्यांना विचारले असते तर त्यांना तो प्रश्नच कळला नसता. आणि हे त्यांचे अज्ञान आहे असे मला वाटत नाही. आपल्या आईवर आपले प्रेम आहे हे आपण अनुमानाने ठरवत नाही.

तुकोबांचे दोन्ही आवाज मला जवळचे आहेत. 'अनुभव आले अंगा । ते या जगा देत असे' म्हणणारे तेच आहेत आणि 'नवसें कन्यापुत्र होती । तरी कां करणें लागे पती' असे रोखठोक विचारणारेही तेच आहेत. नवसाचा देव त्यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी खोडला, आणि तरी विठ्ठल सोडला नाही. तेव्हा तुम्ही जे दोन देव वेगळे केलेत, त्यांच्याशिवाय तिसराही एक आहे. तो दूध पीत नाही, कोणाचा ताप उतरवत नाही, आणि तरी 'काहीच न करणारा' असेही त्याला म्हणता येत नाही, कारण त्या आजींना फोड आलेल्या पायांनी तिथवर आणणारा तोच आहे.

नीरक्षीर

तुळसमाळ, तुमचा तिसरा देव माझ्या मांडणीत राहून गेला होता, हे मान्य करतो. आजींच्या 'भेट झाली' या शब्दांना मी पुरावा मागणार नाही. ते विधान त्यांच्या स्वतःच्या जगण्याबद्दलचे आहे आणि तिथे साक्षीदारही त्याच आहेत.

माझा आग्रह एवढाच आहे की 'मला भेटला' आणि 'आहे' या दोन वाक्यांमधले अंतर पुसले जाऊ नये. आईचे उदाहरण घेऊन बोलायचे तर माझे आईवर प्रेम आहे हे मला सिद्ध करावे लागत नाही, पण आई होती हे मात्र माझ्या प्रेमापलीकडेही दाखवता येते. तिची रेशनकार्डावर नोंद आहे, तिला ओळखणारी माझ्याशिवाय दुसरी माणसे आहेत. प्रेमाच्या खरेपणावरून प्रेमाच्या विषयाचे अस्तित्व आपोआप ठरत नाही, आणि हे म्हणताना मी प्रेमाला कमी लेखत नाही.

परखड

मला नीरक्षीर यांची भूमिका गरजेपेक्षा सौम्य वाटते. 'दिसण्याजोगा नाही' ही सवलत आपण देवालाच का देतो? ती रसेलच्या किटलीलाही लागू होते, आणि मी उद्या कल्पिलेल्या कोणत्याही अदृश्य प्राण्याला लागू होते. शिवाय ही सवलत पहिल्या दिवसापासून मागितलेली नसते. आधी देव पाऊस पाडत होता, मग पावसाचे कारण कळले. मग तो रोगराई आणत होता, मग जंतू सापडले. प्रत्येक वेळी एकेक काम हातातून गेल्यावर तो अधिकाधिक अदृश्य होत गेला. हा क्रम स्वतःच एक पुरावा आहे असे मी मानतो.

जिथे तपासणी शक्य होती तिथे ती झालीही आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा रुग्णालयांतल्या, हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १८०२ रुग्णांचे तीन गट केले होते. दोन गटांना तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, एवढेच सांगितले होते, आणि त्यांपैकी एकासाठीच ती झाली. तिसऱ्या गटाला प्रार्थना नक्की होणार हे ठाऊक होते. पहिल्या दोन गटांत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले, ५२ आणि ५१ टक्के. ज्यांना प्रार्थनेची खात्री होती त्यांच्यात ते ५९ टक्के होते. प्रार्थनेने अपाय होतो असा अर्थ मी यातून काढत नाही. पण उपयोग होतो म्हणणाऱ्यांनी या आकड्यांसमोर उभे राहून उत्तर द्यावे.

आणि आपल्याकडे हे विचारायला परदेशी विद्वानांची वाट पाहावी लागली नव्हती. वेदांना शेवटचा शब्द मानणाऱ्या कुमारिलांनीच विचारले होते की हेतूवाचून मंदबुद्धीचा माणूसही काही करत नाही, मग ईश्वराने जग कशासाठी निर्माण केले? डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे वादसंवाद ज्यांनी ऐकले आहेत त्यांना आठवेल की अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ म्हणून देव-धर्माबाबत तटस्थ राहण्याची दाभोलकरांची भूमिका होती, आणि देव ही कल्पनाच सर्वांत मोठी अंधश्रद्धा आहे असे लागू त्यांच्याच शेजारी बसून सांगत. मी लागूंच्या बाजूचा आहे.

पूर्वपक्ष

न्यायदर्शन हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून नीरक्षीर यांच्या मांडणीत थोडी भर घालतो आणि परखड यांच्यासाठी एक प्रश्न ठेवतो.

उदयनाचार्य केवळ 'तुम्ही नाही म्हणू शकत नाही' असे म्हणून थांबले नाहीत. भार आपल्यावर आहे हे त्यांनी स्वीकारले आणि अनुमान मांडले. घट हे कार्य, म्हणजे घडवलेली वस्तू, आहे आणि त्याला कर्ता आहे. पृथ्वी, अंकुर इत्यादीही कार्ये आहेत. म्हणून त्यांनाही कर्ता असला पाहिजे. हे अनुमान पटो वा न पटो, भार उचलण्याची ती रीत पाहण्याजोगी आहे. समोर बौद्ध होते, मीमांसक होते, आणि त्यांच्या हरकती नोंदवून एकेकीला उत्तर देत ग्रंथ पुढे जातो. त्याहून मला मोलाची वाटते ती ग्रंथाच्या आरंभीची त्यांची भूमिका: ईश्वराविषयीची ही तर्कचर्चा म्हणजे श्रवणानंतर येणारे मनन आहे, आणि ती उपासनाच आहे. पुरावा मागितल्याने श्रद्धेचा अपमान होतो ही समजूत निदान त्या आचार्यांची नव्हती.

आता दुसरी बाजू पाहा. रामानुजाचार्यांइतका भक्तीला वाहिलेला आचार्य, पण श्रीभाष्यात त्यांनी हे कर्तृत्वाचे अनुमान स्वतःच खोडून काढले. घट करणाऱ्या कुंभाराला शरीर असते, त्याचे ज्ञान अपुरे असते. घटाच्या दाखल्यावरून जगाचा कर्ता मानायचा तर तोही तसाच मानावा लागेल, एकच कर्ता आहे हेही त्यातून निघत नाही. ईश्वर शास्त्रावरूनच कळतो, अनुमानाने नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे मीमांसक यज्ञ करत राहिले आणि जगाचा कर्ता नाकारत राहिले. रामानुज भक्ती करत राहिले आणि ईश्वराचा तार्किक पुरावा नाकारत राहिले. 'आस्तिक म्हणजे पुरावा आहे म्हणणारा' हे समीकरण आपल्या परंपरेत बसत नाही.

परखड यांना विचारायचे ते असे. न्यायसूत्रांत वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करणे म्हणजे वितंडा. मराठीत आपण या शब्दाला भांडखोरपणाचा रंग दिला, पण मूळ व्याख्या तांत्रिक आहे. 'माझा काही दावाच नाही, मला केवळ तुमचा पटत नाही' असे म्हणणारा नास्तिक वैतंडिक आहे, आणि त्याच्यावर खरोखरच भार नाही. पण आपण त्यापुढे गेलात. देवाची कल्पना भ्रम आहे, देवाचा आजवरचा क्रम हा तो नसल्याचा पुरावा आहे, ही तुमची स्वतःची विधाने आहेत. ती खरी असतीलही. मात्र ती मांडल्याबरोबर तुम्ही पक्ष स्थापन केलात, आणि तुमच्या वाट्याचा भार तुम्हाला उचलावा लागेल.

परखड

मान्य आहे, आणि तो मी उचलतो. माझे म्हणणे गणितासारखे सिद्ध नाही. कमी कल्पनांत ज्याची उपपत्ती लागते ते स्वीकारावे, या तत्त्वावर ते उभे आहे, आणि त्यालाच आपले नैयायिक लाघव म्हणतात. उद्या पुरावा आला तर मी मत बदलीन. समोरच्या बाजूनेही कोणत्या पुराव्याने आपले मत बदलेल ते सांगावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

कातळवाट

मी या चर्चेत सहसा लिहीत नाही. पण भार कोणावर हा प्रश्न मला पुस्तकातला वाटत नाही.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात. १९९४ मध्ये भातकापणीच्या दिवसांत माझ्या चुलत भावाला, तो सात वर्षांचा होता, खळ्यावर पेंढा ओढताना विंचू चावला. गावात विंचू उतरवणारे एक गृहस्थ होते आणि त्यांच्यावर सर्वांचा विश्वास होता, तोही उगाच बसलेला नव्हता. त्यांनी शेकडो विंचू उतरवले होते. आमच्याकडची मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असते, पण तिचे विष सौम्य. मंत्र घाला किंवा घालू नका, ठणका काही तासांत ओसरतोच. त्यामुळे त्यांचा प्रत्येक मंत्र लागू पडत होता. त्या दिवशीचा विंचू तांबडा होता. पोराला दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, आणि उतारा चालूच राहिला. तोंडाला फेस आला तेव्हा टेम्पो शोधायला माणसे पळाली. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तांबड्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातली कितीतरी मुले वाचवली होती, त्यांचे काम १९८० च्या दशकातच प्रसिद्ध झाले होते, आणि तालुक्याला ते औषध ठेवणारे डॉक्टर होते. आम्ही पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता.

ते गृहस्थ लबाड नव्हते, एक पैसा घेत नसत, आणि पुढे कितीतरी महिने आमच्या दारावरून जाताना मान वर करत नसत. त्यांना कोणी कधी विचारलेच नव्हते की तुम्ही उतरवता ते विंचू कोणते, आणि तुमच्याकडे न येणाऱ्यांचे काय होते. विचारणे हा देवाचा अपमान ठरला असता. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरला आहे. तो मसुदा वर्षानुवर्षे रखडला आणि दाभोलकरांच्या खुनानंतर मंजूर झाला. मला त्यातली बाकीची कलमे नीट माहीत नाहीत, पण हे एक मी पाठ केले आहे.

सनद

कातळवाट, तुमच्या लिहिण्यानंतर काही वेळ काहीच सुचले नाही. माझ्या कसोटीप्रमाणे पाहिले तर त्या दिवशी 'इथेच थांबा, उतरवतो' म्हणणाऱ्या माणसाने एका मुलाचे काही तास मागितले होते. इतकी मोठी मागणी करणाऱ्यावर भारही तितकाच मोठा होता, आणि तो कोणी त्याच्याकडे मागितला नाही.

याच विषयावर घटना समितीत एकदा मतदान झाले होते, ते नोंदवून ठेवतो. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून आलेले ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात 'परमेश्वराच्या नावाने' अशी व्हावी, ही दुरुस्ती मांडली. अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी ती मागे घेण्याचे सुचवून पाहिले. देवावर मत देण्याच्या अवघड प्रसंगात आम्हाला टाकू नका, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जींनी केली. कामत ठाम राहिले, मोजणी झाली, आणि दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. त्या ६८ जणांत देव मानणारे पुष्कळ असणार, हे त्या सभागृहातली नावे पाहिली की ध्यानात येते. देव आहे की नाही हे त्यांनी ठरवले नाही. न मानणाऱ्या नागरिकाच्या तोंडी आपला देव घालण्याइतका अधिकार आपल्याजवळ नाही, असे त्यांनी ठरवले. पद स्वीकारतानाही आज ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येते, आणि दोन्हींचे वजन सारखेच असते.

तुळसमाळ

कातळवाट, तुमच्या भावाला माझा नमस्कार. आमच्या शाळेत मी दरवर्षी पावसाळ्याआधी मुलांना विंचवांचे दोन प्रकार दाखवते. यंदापासून तुमची ही हकीकत, गावाचे नाव न घेता, सांगितली तर चालेल का?

नीरक्षीर, तुमच्यासाठी एक प्रश्न. एवढे सगळे लिहिलेत, पण मामींचा दावा नेमका काय आहे हे तुम्ही किंवा भाच्याने त्यांना विचारलेत का?

नीरक्षीर

विचारले नव्हते. आज दुपारी फोन केला. आधी १९९५ चे विचारले, की दूध चौरंगाखाली सापडले तेव्हा तुम्हाला काय वाटले होते. त्या म्हणाल्या, "ते दूध मीच पुसलं, मुंग्याही मीच काढल्या. मी काय, तो पितो म्हणून त्याची पूजा करत होते होय?" मग कशासाठी करता, असे विचारल्यावर थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की मामा गेले त्या वर्षी सकाळी उठण्याला काही कारणच राहिले नव्हते. देवाला पाणी घालायचे आहे म्हणून त्या उठत असत, आणि ती सवय त्यांना मोडायची नाही. पुढे त्यांनी आपणहून सांगितले, "त्याला सांग, मला काही सिद्ध करायचं नाही. पण पुढच्या वेळी आला की फुलं तेवढी काढून दे म्हणावं, माझा हात आता फांदीला पोचत नाही."

भाच्याला हा धागा पाठवला आहे. तो दिवाळीला वाईला जाणार आहे.